मुक्त मराठी शब्दकोशाची संगणकीय मांडणी : राधानगरीच्या शब्दांवरून एक परीक्षण

१

कोणत्याही शब्दकोशाचे परीक्षण करताना त्यात शब्द किती, हा प्रश्न सामान्यतः प्रथम विचारला जातो. छापील कोशाच्या बाबतीत तो काही अंशी रास्तही असतो; कारण पृष्ठसंख्या, खर्च आणि संपादकांचे आयुष्य यांच्या मर्यादेत जे बसेल तेवढेच ग्रंथात येते. संगणकावर ठेवावयाच्या कोशाला पृष्ठांची मर्यादा नसते. तेथे पहिला प्रश्न असा की, शब्दाविषयी जे ज्ञात आहे ते कोणत्या घटकांत विभागून ठेवावयाचे आणि त्या घटकांचे परस्परसंबंध कसे टिकवावयाचे? या प्रश्नाचा निर्णय होण्यापूर्वी कोशाच्या सोयींची यादी करणे म्हणजे पाया आखण्याआधी खिडक्या मोजणे होय.

मराठीचे जुने कोश संगणकावर आणण्याचे कार्य गेल्या काही दशकांत पुष्कळ झाले आहे, आणि ते निःसंशय उपकारक आहे. तथापि सर्वांना विनामूल्य वापरता येईल, नकलता येईल व सुधारता येईल असा मुक्त मराठी शब्दकोश उभारावयाचा झाल्यास, या कार्यात रूढ झालेली साठवणीची रीत पुरेशी आहे काय, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात ती तपासणी एका लहान प्रदेशाच्या शब्दांवरून केली आहे. तो प्रदेश म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुका.

ही निवड केवळ सोयीची नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी आपल्या कन्येच्या नावाने वसविलेले हे गाव भोगावती नदीवरील धरणामुळे सर्वश्रुत आहे. परंतु भाषाभ्यासकाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व त्याच्या स्थानात आहे. पूर्वेस उसाचा व गुळाचा सधन मुलूख, पश्चिमेस सह्याद्रीचे दाट रान, आणि फोंडाघाट उतरताच मालवणीचा प्रदेश लागतो. भात, नाचणी आणि ऊस यांची शेती, दाजीपूरच्या रानातील गव्यांचा वावर, धनगरवाड्यांचे पशुपालन आणि घाटमार्गाने झालेली वाहतूक या सर्वांचे शब्द एका तालुक्यात एकत्र आले आहेत. जी मांडणी येथील शब्द यथायोग्य सामावू शकेल ती मराठीच्या इतर भागांतही बहुधा उपयोगी पडेल. आणि जी येथे तोकडी पडेल तिचा दोष अन्यत्रही प्रकट होईल.

२

उपलब्ध सामग्री थोडी नाही. १८२९ मध्ये मुंबईत शास्त्रीमंडळींनी सिद्ध केलेला 'महाराष्ट्र भाषेचा कोश' प्रसिद्ध होऊ लागला. १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश आला, आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याची शब्दसंख्या सुमारे ६० हजारांवर गेली. १८६३ मध्ये बाबा पदमनजी यांनी त्याचा संक्षेप केला. पुढे यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांच्या संपादकत्वाखाली 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे ७ विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले व १९५० मध्ये पुरवणी विभाग आला. प्राचीन मराठीसाठी शं. गो. तुळपुळे व ॲन फेल्डहाउस यांचा कोश १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. यांपैकी मोल्सवर्थ, दाते-कर्वे, वझे, बर्न्टसन आणि तुळपुळे-फेल्डहाउस हे कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोश-प्रकल्पाने संगणकावर आणले. मराठीच्या अभ्यासकांवर हे मोठेच ऋण आहे.

दाते-कर्वे यांच्या कोशाचा एक विशेष येथे ध्यानात घेतला पाहिजे. त्याची नोंद वरवर पाहता सलग परिच्छेद दिसते. परंतु तिच्या आत एक काटेकोर रचना दडलेली आहे. शीर्षशब्द, त्याचे लिंग वा शब्दजाती, अंकांनी वेगळे केलेले अर्थ, कंसातील प्रदेशाची खूण, ज्ञानेश्वरी किंवा तुकारामगाथा यांसारख्या आधारग्रंथांचे संक्षेप आणि शेवटी चौकटी कंसात व्युत्पत्ती, असा तिचा क्रम आहे. 'राजा.' म्हणजे राजापुरी, 'गो.' म्हणजे गोमंतकी, 'व.' म्हणजे वऱ्हाडी, अशा खुणा अर्थाच्या आधी येतात. छपाईच्या युगातील संपादकांनी टंक, कंस आणि विरामचिन्हे यांच्या साहाय्याने जणू एक कोष्टकच परिच्छेदात गुंडाळून ठेवले होते. जाणता वाचक ते मनातल्या मनात उलगडून घेत असे.

ही नोंद संगणकावर आणताना ते गुंडाळलेले कोष्टक उलगडून ठेवावयास हवे होते. तसे बहुधा होत नाही. रूढ रीतीत शीर्षशब्द तेवढा वेगळा काढला जातो आणि उरलेला सर्व मजकूर एक अखंड तुकडा म्हणून ठेवला जातो. मुक्त कोश-प्रणालींमध्ये सर्वपरिचित असलेल्या स्टारडिक्टची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिच्या एका फाईलीत शब्दांची अनुक्रमणी असते. प्रत्येक शब्दापुढे, त्याचा मजकूर दुसऱ्या फाईलीत कोठे सुरू होतो आणि किती लांब आहे, एवढेच दोन आकडे असतात. शोध अतिशय जलद होतो, जागा थोडी लागते, आणि एवढ्यापुरती ही रचना निर्दोष आहे. परंतु तिला शब्द आणि तुकडा यांपलीकडे काहीच कळत नाही. 'राजापूरकडील भातशेतीचे सर्व शब्द दाखवा' असे तिला विचारता येत नाही. कारण राजापूर ही तिच्या लेखी इतर अक्षरांसारखीच काही अक्षरे होत. संपूर्ण मजकुरात 'राजा' हे अक्षरसमूह शोधू जावे तर राजापुरीबरोबर राजे, महाराजे आणि राजवाडेही हाती लागतात.

३

अखंड तुकडा ठेवण्याच्या रीतीचा खरा दोष शोधाच्या गैरसोयीहून खोल आहे. तो अर्थाशी निगडित आहे, आणि 'रवा' या एका शब्दावरून तो स्पष्ट होतो.

महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी रवा म्हणजे कण, किंवा शिऱ्यासाठी वापरले जाणारे गव्हाचे भरड पीठ. कोल्हापूरच्या गूळव्यवहारात रवा म्हणजे गुळाची संपूर्ण ढेप. तेथील बाजारात ३० किलोचा रवा असतो आणि १० किंवा ५ किलोचाही असतो. एकाच शब्दाने एका ठिकाणी अगदी बारीक कण आणि दुसऱ्या ठिकाणी दोन हातांनी उचलण्याचा गोळा निर्दिष्ट होतो. आता 'रवा' या शब्दाला 'कोल्हापुरी' अशी खूण लावावी काय? तसे केल्यास कण हा अर्थही कोल्हापुरी ठरतो. खूण लावू नये, तर ढेपेचा अर्थ सर्व महाराष्ट्राचा ठरतो. उघड आहे की प्रदेशाची खूण शब्दाला लागतच नाही; ती अर्थाला लागते. यास्तव साठवणीचा मूळ घटक शब्द न मानता अर्थ मानला पाहिजे, आणि प्रदेश, व्यवसाय, काळ व आधार ही सर्व विशेषणे त्या घटकाला जोडली पाहिजेत.

गुऱ्हाळाचे अन्य शब्द हेच सांगतात. काहिल, चुलवाण, चिपाड, मळी, वाफा, गुळव्या या शब्दांपैकी 'वाफा' सर्व मराठी शेतकऱ्यांस ठाऊक आहे; परंतु गुऱ्हाळात वाफा म्हणजे शिजलेला पाक ओतून निवविण्याची जागा. 'मळी' हा शब्द नदीकाठच्या गाळाच्या जमिनीसाठी वापरला जातो, गुऱ्हाळात तो रस उकळताना वर येणाऱ्या घाणीचा वाचक आहे, आणि साखर कारखान्याच्या संदर्भात त्याने आणखी वेगळे पदार्थ दर्शविले जातात. अशा शब्दांची 'कोल्हापुरी शब्द' म्हणून वेगळी यादी करण्याची जी हौस अलीकडे दिसते, तिच्यामुळे बोलीचे नुकसानच होते. अशा यादीत केवळ चमत्कारिक दिसणारे शब्द शिरतात. आणि जे शब्द सर्वपरिचित असून अर्थाने स्थानिक आहेत ते तिच्यातून सुटतात. बोलीचे वेगळेपण पुष्कळदा अशा परिचित शब्दांतच असते.

येथे जुन्या कोशांच्या आणखी एका प्रघाताचा विचार केला पाहिजे. प्रदेशाच्या खुणेबरोबर 'ग्राम्य' किंवा 'अशिष्ट' अशा खुणाही कोशांतून आढळतात. पहिली खूण निरीक्षण नोंदविते, दुसरी निर्णय देते. छापील नोंदीत दोन्ही एकाच प्रकारच्या कंसात येत असल्यामुळे त्यांतील भेद झाकला जातो. नव्या मांडणीत दोहोंसाठी वेगळी स्थाने हवीत, आणि 'ग्राम्य' हा निर्णय कोणी व केव्हा दिला याची नोंद त्यासोबतच हवी. १९३५ मधील संपादकाचे मत आजच्या राधानगरीच्या विद्यार्थ्यापुढे कालनिर्देशावाचून ठेवले गेले, तर त्या विद्यार्थ्याला स्वतःच्या घरची भाषा सदोष असल्याचा दाखला सरकारी मोहोरेसारखा मिळतो. हा अन्याय हेतुपुरस्सर होत नाही. साठवणीत एक स्थान कमी ठेवल्याने होतो.

प्रदेशाच्या नावाबाबतही सावधगिरी हवी. दाते-कर्वे यांचा कोश निघत असताना कोल्हापूर हे संस्थान होते. १९४९ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झाले. कुडाळचा भाग सावंतवाडी संस्थानातून रत्नागिरी जिल्ह्यात आणि १९८१ नंतर सिंधुदुर्ग जिल्ह्यात आला. जिल्ह्याचे नाव हीच प्रदेशाची ओळख मानल्यास जुन्या व नव्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. शिवाय 'कोल्हापूर' ही खूण फार ढोबळ आहे. शिरोळचा सपाट पूर्वभाग आणि राधानगरीचा डोंगराळ पश्चिमभाग यांची बोली एक मानता येत नाही. म्हणून स्थळाला स्वतंत्र, स्थिर क्रमांक द्यावा, त्याचा नकाशावरील बिंदू ठेवावा आणि प्रशासकीय नावे कालानुसार त्याला जोडावीत. गाव ठाऊक असल्यास गाव, नसल्यास तालुका, तोही नसल्यास जुन्या कोशाने दिलेली खूण जशीच्या तशी ठेवावी. अनुमानाने ती अधिक नेमकी करणे हा उपकार नसून अपभ्रंश होय.

४

अर्थ हा घटक निश्चित झाल्यावर अक्षरांचा प्रश्न येतो. तो क्षुल्लक वाटतो. परंतु संगणकावरील मराठी कोशांत शब्द न सापडण्याची पुष्कळ कारणे येथेच आहेत. 'गुऱ्हाळ' हाच शब्द घ्यावा. त्यातील अर्ध्या र चे रूप युनिकोडमध्ये दोन मार्गांनी सिद्ध होते : ०९३१ या क्रमांकाचा ऱ व त्यापुढे हलंतचिन्ह, किंवा ०९३० या क्रमांकाचा साधा र, हलंतचिन्ह आणि त्यापुढे शून्यरुंदीचे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही रूपे अभिन्न दिसतात. संगणकाच्या लेखी ते दोन भिन्न शब्द असतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनीही ती दोन रूपे एक होत नाहीत. परिणामी एका पद्धतीने कोशात घातलेला गुऱ्हाळ दुसऱ्या पद्धतीने शोधणाऱ्यास सापडत नाही, आणि तो शब्द कोशात नाहीच असा त्याचा ग्रह होतो.

यावर काही प्रणालींत सुचविला जाणारा उपाय रोगाहून घातक आहे. अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून ती सरसकट काढून टाकली जातात. तसे केल्यास दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या 'दऱ्या'चे 'दर्या' होते, म्हणजे राधानगरीच्या डोंगरांतील दऱ्यांचा समुद्र होतो. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांतील भेद असाच नाहीसा होतो. म्हणजे जोडचिन्ह टाकून न देता आधी त्याचे ऱ च्या रूपात परिवर्तन केले पाहिजे, आणि मगच इतर शुद्धी करावी. क्रम बदलला तर अर्थ बदलतो. 'ॲ' या अक्षराचीही हीच स्थिती आहे. २००८ मध्ये त्याला ०९७२ हा स्वतंत्र क्रमांक मिळाला; त्यापूर्वीच्या मजकुरात ते अ आणि अर्धचंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिलेले आढळते, आणि ही दोन रूपेही आपोआप एक होत नाहीत.

वर्णक्रमाचा प्रश्नही असाच आहे. युनिकोडमध्ये ल चा क्रमांक ०९३२ आणि ळ चा ०९३३ आहे, तर स व ह अनुक्रमे ०९३८ व ०९३९ वर आहेत. केवळ क्रमांकांनुसार शब्द लावल्यास 'बळ' हा 'बस' आणि 'बहर' यांच्या आधी येतो. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर आहे. मराठी क्रमाचे नियम संगणकाला वेगळे सांगावे लागतात. ते न सांगता कोश छापून काढला तर तो मराठीचा कोश असून मराठीच्या क्रमाने नसतो.

याच्या जोडीला लेखननियमांतील स्थित्यंतर आहे. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये आले व १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्यापूर्वीच्या कोशांत 'करणें', 'कवि', 'बुद्धि' अशी रूपे आहेत; आजचा वाचक 'करणे', 'कवी', 'बुद्धी' अशी रूपे शोधतो. येथे जुने रूप पुसून नवे घालण्याचा मोह आवरला पाहिजे. त्या अनुस्वारामागे लिंग, विभक्ती आणि क्वचित व्युत्पत्ती यांचा पुरावा आहे. त्यामुळे प्रत्येक शब्दाची निदान तीन रूपे स्वतंत्रपणे ठेवावी लागतात : आधारग्रंथात जसे आहे तसे रूप, आजच्या नियमांनुसारचे रूप, आणि केवळ शोधासाठी संगणकाने तयार केलेले रूप. पहिले कधीही बदलू नये, दुसरे संपादकाने ठरवावे, आणि तिसरे केव्हाही पुसून पुन्हा तयार करता यावे. या तीन रूपांची सरमिसळ होणे हाच बहुतेक संगणकीय कोशांतील गोंधळाचा उगम आहे.

उच्चाराचे स्थानही वेगळे हवे. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' हे जगणे या धातूचे आज्ञार्थी रूप; लेखनात दोन्ही एक आहेत, उच्चारात ज भिन्न आहे. देवनागरी लिपी हा भेद दाखवीत नाही. मराठी ज्याची घरची भाषा आहे त्याला त्याची उणीव भासत नाही. परदेशी वाढणाऱ्या मराठी मुलाला मात्र कोशाने तो सांगितल्यावाचून कळण्याचा मार्ग नाही.

ही अडचण मराठीपुरती नाही, हे कुर्दी भाषेच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. कुर्दीची सोरानी बोली अरबी वळणाच्या लिपीत लिहिली जाते. कुर्मांजी ही १९३२ मध्ये दमास्कस येथे निघालेल्या 'हावार' या नियतकालिकापासून रूढ झालेल्या रोमन वर्णमालेत प्रायः लिहिली जाते. सोरानीतील एका स्वराचे अक्षरही दोन प्रकारे लिहिलेले आढळते : एक त्याचे स्वतंत्र अक्षर, दुसरे अरबी 'ह' व त्यापुढे शून्यरुंदीचे विलगचिन्ह. दिसण्यात साम्य आणि साठ्यात भेद, हा गुऱ्हाळाचाच प्रकार होय. मुक्त कुर्दी कोशाची आखणी करणाऱ्यास लिपी ही शब्दाची ओळख मानता येत नाही. शब्दाला लिपीनिरपेक्ष क्रमांक देऊन निरनिराळी लेखनरूपे त्याला जोडावी लागतात. मराठीचा कोश घाट उतरून कोकणीपर्यंत जाणार असेल तर त्यालाही हेच करावे लागेल. कारण कोकणी देवनागरी, रोमन आणि कन्नड या लिप्यांत लिहिली गेली आहे.

५

कोशाच्या वापरणाऱ्याला शब्द बहुधा मूळ रूपात भेटत नाही. त्याला 'उसाला', 'पावसात', 'देवळापुढे' अशी रूपे भेटतात, आणि कोशात ऊस, पाऊस, देऊळ असतात. छापील कोशाच्या वाचकाने हे रूपांतर स्वतः करावे अशी अपेक्षा असे. संगणकाने ते करून दिले पाहिजे. आणि त्यासाठी सामान्यरूप प्रत्येक नामाबरोबर साठवणे, किंवा ते सिद्ध करणाऱ्या नियमाचा क्रमांक नामाला जोडणे, यांपैकी एक मार्ग पत्करावा लागतो. दुसरा मार्ग संक्षेपाचा आहे. पण अपवाद पहिल्याच मार्गाने ठेवणे भाग आहे. विकिडेटाने २०१८ पासून सुरू केलेल्या शब्दसाठ्यात शब्द, त्याची रूपे आणि त्याचे अर्थ असे तीन वेगळे घटक मानले आहेत. मराठीसारख्या रूपसमृद्ध भाषेला हा विभाग सोयीचा आहे.

राधानगरीच्या बोलण्यातील रूपे मात्र या विभागाचीही कसोटी पाहतात. 'करायला लागला आहेस' याचे संकोचाने झालेले 'करालाईस', किंवा 'गेलो होतो' याचे 'गेलतो' ही रूपे कोणत्या शब्दाखाली ठेवावयाची? त्यांत दोन धातू एकवटले आहेत. स्त्रियांच्या तोंडी 'मी जातो', 'मी आलो' अशी रूपे कोल्हापूरकडे सहज येतात. प्रमाण मराठीच्या रूपावलीत ती पुरुषाची ठरतात. जी प्रणाली रूपाला लिंग हे एकच ठरीव लेबल लावते, ती येथे बोलणाऱ्या स्त्रीला चुकीचे ठरवील. म्हणून रूपाचे व्याकरणही अर्थाप्रमाणेच स्थळाशी बांधले गेले पाहिजे : अमुक रूप, अमुक व्याकरणिक मूल्य, अमुक ठिकाणी.

६

आता आधाराचा प्रश्न. दाते-कर्वे यांनी ग्रंथातील शब्दांना ग्रंथांचे संक्षेप दिले. परंतु बोलीतील शब्दांना प्रदेशाच्या खुणेपलीकडे आधार देणे त्यांना शक्य नव्हते. माहिती पाठविणाऱ्यांची चिकाटी जेथे अधिक, तेथील शब्द अधिक, असा असमतोल अशा कार्यात अपरिहार्य असतो. त्यासाठी संपादकांना दोष देणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु आज ती मर्यादा राहिलेली नाही. अ. मा. घाटगे यांनी १९६० च्या दशकात मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची जी माला चालविली, तीत १९६५ मध्ये कुडाळीचे वर्णन आले. अलीकडे डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने केलेल्या बोलींच्या प्रतिनिधिक सर्वेक्षणात गावोगावच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणे संगृहीत झाली. नव्या कोशाने हाच आदर्श पुढे ठेवावा : कोणत्या गावात, कोणत्या वर्षी, कोणत्या वयाच्या व व्यवसायाच्या व्यक्तीकडून अर्थ मिळाला हे नोंदवावे, व्यक्तीचे नाव मात्र प्रकट करू नये आणि ध्वनिमुद्रण तिच्या संमतीवाचून ठेवू नये. एकाच व्यक्तीकडून मिळालेला अर्थ आणि पाच गावांतून मिळालेला अर्थ यांतील फरक वाचकाला दिसला पाहिजे.

साठवणीचे माध्यम हा यानंतरचा विषय. युनिकोडच्या प्रचलित आठ-अंशी संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन अष्टके व्यापते. १ लाख नोंदी आणि प्रत्येकी सरासरी ४०० चिन्हे असे धरले तर सर्व मजकूर १२ कोटी अष्टकांत, म्हणजे सुमारे १२० मेगाबाइटांत मावतो. संक्षेपाने तो पुष्कळच आटतो. तेव्हा आजच्या साध्या मोबाइलवरही संपूर्ण कोश जाळ्याच्या जोडणीवाचून ठेवता येईल. दाजीपूरच्या बाजूच्या वस्तीत बसून वापरावयाच्या कोशाला ही सोय शोभेची नसून प्राथमिक आहे. ध्वनीचे गणित निराळे आहे. असंक्षिप्त ध्वनिमुद्रणात एका सेकंदास, नेहमीच्या दर्जाने व एकाच मार्गाने, ८८,२०० अष्टके लागतात. १ लाख शब्दांना प्रत्येकी एक सेकंद दिला तर ८८२ कोटी अष्टके होतात. म्हणून ध्वनी कोशाबाहेर ठेवून नोंदीत त्याचा केवळ निर्देश करावा, आणि ज्याला हवा त्याने तो आपल्या तालुक्यापुरता उतरवून घ्यावा, ही व्यवस्था उचित होय.

मूळ प्रत साध्या, वाचनीय मजकुराच्या फाईलींत असावी, आणि शोधासाठी लागणारी कोष्टके व अनुक्रमण्या तिच्यावरून यंत्राने तयार कराव्यात. प्रणाली येतात आणि लोपतात. साधा मजकूर राहतो. स्टारडिक्टसारखी रचना येथे आपल्या योग्य जागी येते : वाटपासाठी ती उत्तम आहे, मूळ साठ्यासाठी अपुरी आहे. आजवर झालेली चूक इतकीच की वाटपाची प्रत हीच मूळ प्रत समजली गेली.

मुक्ततेचा कायदेशीर अंशही आखणीतच धरला पाहिजे. भारतीय कायद्यानुसार ग्रंथकाराच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क टिकतो, आणि संयुक्त ग्रंथकार असल्यास अखेरच्याच्या निधनापासून ही मुदत मोजली जाते. मोल्सवर्थचा कोश याबाबत निर्वेध आहे. विसाव्या शतकातील कोशांचा हिशेब एकेक करून तपासला पाहिजे. यास्तव प्रत्येक अर्थाबरोबर त्याचा आधार आणि त्या आधाराची वापरण्याची शर्त ठेवली, तर पुढे एखादा आधार वगळावा लागला तरी कोश कोसळत नाही. अखंड तुकड्यांच्या कोशात हे शक्य होत नाही.

७

या सर्वांवर एक रास्त आक्षेप येईल. एवढी स्थाने भरावयास सांगितल्यावर स्वयंसेवक येतील कोठून? अशा पुष्कळ योजना आराखड्याच्या भाराखालीच मोडल्या आहेत, आणि अपुरा पण पूर्ण झालेला कोश हा परिपूर्ण पण न झालेल्या कोशाहून श्रेष्ठ असतो. हा आक्षेप अंशतः मान्य केला पाहिजे. त्याचे उत्तर असे की, स्थाने असणे आणि ती भरण्याची सक्ती असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सक्तीची स्थाने चारच असावीत : लेखनरूप, अर्थ, स्थळ आणि आधार. शब्दजाती, उच्चार, रूपे, व्युत्पत्ती ही मागाहून, जाणत्यांकडून भरता येतात. स्थळ आणि आधार मात्र मागाहून भरता येत नाहीत. ज्या क्षणी शब्द ऐकला त्या क्षणी ते लिहिले नाहीत तर ते कायमचे जातात.

आणि येथेच या प्रश्नाची निकड आहे. धूळवाफ पेरणी, तरवा, पैरा, इरले यांसारखे शब्द ज्या कामांशी बांधलेले आहेत ती कामे पालटत आहेत. इरल्याची जागा प्लास्टिकच्या कागदाने घेतली. पैऱ्याची जागा रोजंदारी व यंत्रे घेत आहेत. शब्द नाहीसा होण्यापूर्वी एकदाच नोंदविला जाईल, आणि त्या एका नोंदीवरून पुढच्या सर्व नकला होतील. मुक्त कोशाचा गुण हा की त्याची नक्कल सर्वांना करता येते. त्याचा धोकाही तोच आहे. स्थळावाचून नोंदविलेला अर्थ शंभर ठिकाणी उतरविला गेला की त्याची दुरुस्ती करण्याचे साधन कोणाहीपाशी उरत नाही.

दाते आणि कर्वे यांच्या पिढीने कंसातील दोन अक्षरांत एका प्रदेशाचा हक्क जपून ठेवला. त्यांच्या हाती कागद आणि खिळे होते. आज साधने विपुल असताना ती दोन अक्षरे तुकड्यात हरवू देणे परवडणार नाही. कोशाच्या सोयींची यादी करावयास बसणाऱ्याने आधी 'रवा' हा एक शब्द आपल्या आराखड्यात भरून पाहावा. कण आणि ढेप हे दोन्ही अर्थ आपापल्या गावासह तेथे नीट बसले, तर आराखडा पुढे न्यावा. न बसले, तर शब्द जमविण्यास प्रारंभ करण्यापूर्वीच तो बदलावा.